गावात राहून पीएसटूचे दुर्लक्षित गेम जमवायचे असतील तर

राजेहो, हे लिहायला बसले त्याचं कारण असं की मागच्या वर्षभरात सात-आठ जणांनी मला एकच विचारलं, ताई घरात जुना पीएसटू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन टू गेम मशीन, पडलेला सापडला, त्याच्यासाठी गेम कोणते घेऊ, कुठून घेऊ, आणि खेड्यात बसून हे सगळं जमते का. जमते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, तालुक्याला जायला एसटीच्या चार फेऱ्या आहेत, तरी आज माझ्याकडं एकशे बारा ओरिजिनल डिस्का आहेत आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त नागपूर-अमरावतीच्या अलीकडंच भेटल्या. पण पहिली दोन वर्षं मी लय पैसे वाया घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी दुर्लक्षित म्हणजे काय ते सांगते, कारण इंटरनेटवरच्या याद्या परदेशातल्या लोकांच्या असतात आणि आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आमच्या तालुक्याला गेम पार्लर होतं तेव्हा दहा रुपये तास होता. पोट्टे दोघं-दोघं येत, टेकेन लावत, कुस्ती लावत, क्रिकेट लावत आणि तास संपला की उठत. मेमरी कार्ड, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवायचं कार्ड, मालक लावूच देत नव्हते, कार्ड चोरीला जायचं आणि एकाचं सेव्ह दुसरा पुसायचा, मंग भांडणं. त्यामुळं ज्या गेमची गोष्ट हळूहळू उलगडते, जो आठ-दहा तास एकट्यानं खेळायचा असतो, तो आपल्याकडं कोणी उघडूनच पाहिला नाही. ते गेम वाईट नव्हते, ते तासाच्या भाड्यात बसत नव्हते. मी जे काही जमवते ते याच हिशेबानं जमवते.

मी स्वतः पार्लरच्या आत कधी गेले नाही, पोरी जात नसत, भाऊ घरी येऊन सांगायचा आणि मी ऐकायची. पार्लर बंद झाल्यावर काही वर्षांनी मी मालकांकडं मशीन विचारायला गेले तर त्यांनी माळ्यावरून एक गोणी काढली आणि म्हणाले, "मशीनचे पैसे द्या ताई, हे बाकीचं तसंच घेऊन जा, कोनी इचारत नाही याले." त्या गोणीत चाळीसेक डिस्का होत्या, एकतीस कॉपी, बाकी ओरिजिनल, आणि त्या ओरिजिनलमधे हनुमान बॉय वॉरियर होता, बुकलेटसकट, एकदाही न लावलेला वाटावा असा. तिथून हा नाद लागला.

१. आधी मशीन कोणती आहे ते पाहा

पीएसटू जपानात ४ मार्च २००० ला आला आणि त्याचं उत्पादन २०१३ मधे बंद झालं. १५ कोटींपेक्षा जास्त विकला गेला, म्हणून मशीन दुर्मिळ नाही, घाई करून कोणाला चार-पाच हजार देऊ नका.

मशीनच्या मागं किंवा खाली स्टिकर असते, त्यावर एससीपीएच आणि पुढं पाच आकडे. शेवटचे दोन आकडे महत्त्वाचे. ०० म्हणजे जपानची, ०१ अमेरिकेची, ०६ आशियातली पण जपानच्याच गटातली, आणि ०२, ०३, ०४, ०८ या पाल गटातल्या, पाल ही युरोप-ऑस्ट्रेलियाकडची टीव्हीची पद्धत. पाल मशीनवर पालचीच डिस्क चालते, अमेरिकेची लावली तर लाल पडदा येतो आणि डिस्क ओळखता येत नाही असं लिहून येते. आपल्याकडं अधिकृतपणे विकलेले गेम पालचे होते, म्हणून पाल मशीन असेल तर तुमचं काम सोपं.

मशीनला चिप बसवलेली असेल तर ती सगळंच चालवते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला चिप बसवलेलीच असते. ते वाईट नाही, पण चिपवाल्या मशीनवर कॉपीही चालते म्हणून ती "चालली" म्हणजे ओरिजिनल आहे असं समजू नका. मी समजले होते.

आणि एक धोका, हा नीट वाचा. कोणाच्या तरी नातेवाइकानं अमेरिकेतून आणलेली मशीन स्वस्तात भेटते. मागं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ती सरळ आपल्या बोर्डात लावायची नाही, आपल्याकडं २३० व्होल्ट असते, एका सेकंदात फ्यूज उडते आणि नशीब वाईट असेल तर पुढचंही जाते. जपानची १०० व्होल्टची असते. बारक्या स्लिम मॉडेलला बाहेर अॅडॉप्टर असतो, त्यावरचं लिखाण वाचा, ७०००० च्या मालिकेतल्या स्लिमला ८.५ व्होल्टचा अॅडॉप्टर लागते, घरातला राऊटरचा बारा व्होल्टचा बसते म्हणून लावून पाहू नका. ९०००० च्या मालिकेत पॉवर सप्लाय आतच आहे, खेड्यात ती मशीन सोयीची, एक वायर कमी.

२. सामान काय लागते

हे जवळ असल्याशिवाय खरेदीला निघू नका:

- एव्ही केबल, लाल-पांढरी-पिवळी. नवीन एलईडी टीव्हीला तिन्ही भोकं नसतात, एकच बारीक भोक असते, त्याची वेगळी जोडवायर लागते. शक्य असेल तर कंपोनंट केबल घ्या, चित्र लय साफ येते.
- ओरिजिनल मेमरी कार्ड, ८ एमबीचं, वर मॅजिकगेट छापलेलं. बाजारात ६४ एमबी, १२८ एमबी लिहिलेली भेटतात, तसल्या दोन कार्डांनी सेव्ह घालवून माझे साठ तास खाल्ले, ते तास परत येत नाहीत.
- मोबाईलची टॉर्च. हे तुमच्याकडं आहेच, पण वापरायची कशी ते खाली सांगते.
- चष्मा पुसायचं मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर.
- सीआर २०३२ सेल. मशीन दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल तर आतला सेल गेला आहे, बाकी काही बिघाड नाही. विकणारा "खराब आहे" म्हणून स्वस्त देते, तुम्ही वीस-तीस रुपयाचा सेल टाका.
- दोन टेस्ट डिस्का, एक चांदीसारखी आणि एक निळी. का ते पुढं.

घरात जुना डब्बा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, हात जोडून सांगते. पीएसटूचं चित्र त्याच टीव्हीसाठी बनवलेलं होतं, एलईडीवर ते पसरते आणि बटण दाबल्यावर थोडं उशिरा हलते. माझ्या आईनं धान्याच्या कोठीवर ठेवलेला एकवीस इंची टीव्ही मी खाली उतरवला, अजून त्यावरच खेळते.

३. ओरिजिनल आणि कॉपी ओळखायला शिका

इथंच सगळे फसतात, म्हणून इथं जरा थांबते.

डिस्क उलटी करा. पीएसटूचे गेम दोन प्रकारचे, डीव्हीडीवरचे खालून चांदीसारखे असतात, सीडीवरचे खालून निळे असतात. गडद निळा रंग बघून मी सुरुवातीला एक ओरिजिनल डिस्क कॉपी समजून सोडून दिली होती, तशी चूक करू नका. कॉपीचा रंग जांभळट असते, आणि उजेडात धरलं की जिथपर्यंत लिहिलं आहे तिथं एक वेगळी कड दिसते.

मंग मधल्या भोकाभोवतीचं आरशासारखं कडं पाहा. ओरिजिनलमधे तिथं बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. वरच्या बाजूला गेमचा क्रमांक छापलेला असते, एसएलईएस किंवा एससीईएस असेल तर पाल, एसएलयूएस किंवा एससीयूएस अमेरिका, एसएलपीएम किंवा एसएलपीएस जपान. डब्याच्या कण्यावरचा क्रमांक आणि डिस्कवरचा क्रमांक जुळतो का तेही बघा, पार्लरवाल्यांच्या डब्यात कोणतीही डिस्क कुठंही गेलेली असते.

आता टॉर्च. डिस्कच्या वरच्या बाजूनं, म्हणजे चित्राच्या बाजूनं, टॉर्च लावा आणि खालून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर त्या जागी थर उडाला आहे, ती घेऊ नका. लोक फक्त खालचे ओरखडे पाहतात. खालचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात, पण निळ्या सीडीत माहितीचा थर चित्राच्या लगेच खाली असते, वरून नखानं खरवडलं तरी गेम गेला. डीव्हीडीत तो थर मधे असते, ती जरा दमदार. भोकाजवळ तडा असेल तर मात्र दोन्ही बाद, फिरता फिरता तो तडा वाढते.

आणि कोणी म्हणाला टूथपेस्ट घासून ओरखडे जातात तर ऐकू नका.

४. घ्यायचे कोणते

माझी निवड सांगते, माझी आहे, तुम्हाला पटेलच असं नाही.

सुरुवात आपल्याच लोकांनी बनवलेल्या गेमपासून करा. हे मी आग्रहानं सांगते. हनुमान बॉय वॉरियर २००९ मधे आला, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं केला, संपूर्ण भारतात बनलेला पीएसटूचा पहिला गेम. खेळायला जड आहे, कॅमेरा त्रास देते, उडी चुकते, हे खरं सांगते. पण एवढ्या मोठ्या मशीनसाठी आपल्या देशातल्या पोरांनी पहिल्यांदा काहीतरी पूर्ण करून दाखवलं आणि ती डिस्क आपल्या तालुक्याच्या दुकानात धूळ खात पडली आहे, याचं मला वाईट वाटते. परदेशातल्या जमवणाऱ्याला ती शोधून भेटत नाही, तुम्हाला शंभर-दीडशेत भेटू शकते.

त्याच वर्षीचा देसी अड्डा, गेमशास्त्र या हैदराबादच्याच कंपनीचा. यात गिल्लीदंडा आहे, कबड्डी आहे, पतंग आहे. माझ्या भाच्यानं गिल्लीदंडा आधी टीव्हीत पाहिला आणि मंग अंगणात मागितला, तेव्हा माझ्या बाबांनी बाभळीची गिल्ली तासून दिली. दोघांनी खेळायला चांगला आहे, संक्रांतीच्या दिवशी पतंगाचा भाग लावा.

मुंबईच्या ट्राइन गेम्सचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स २०१० चा, गल्लीतलं क्रिकेट. सगळ्यांकडं क्रिकेट ०७ असते म्हणून हा कोणी घेत नाही. क्रिकेटचाच आणखी एक, युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७, हा मुळात ब्रायन लाराच्या नावाचा गेम, भारतात युवराजच्या नावानं विकला. गेम आतून तोच, पण हे कव्हर फक्त आपल्याकडचं आहे, म्हणून जपून ठेवण्यासारखं. आणि डॉन टू, गेमशास्त्रचाच, २०१३ चा, म्हणजे मशीनचं उत्पादन बंद झालं त्या वर्षी आपल्याकडं त्याच्यासाठी नवा गेम येत होता. असं आणखी किती देशांत झालं असेल?

आता बाहेरचे.

इको. २००१ चा, शिंगं असलेला एक पोरगा आणि एक पोरगी, ओस पडलेल्या किल्ल्यातून बाहेर पडायचं आहे. ती पोरगी वेगळीच भाषा बोलते, तुम्हाला कळत नाही, तिचा हात धरूनच न्यावं लागते. पार्लरमधे हा गेम दहा मिनिटंही टिकला नसता, यात मारामारी कमी आणि वाट शोधणं जास्त. मला हा सगळ्यात जवळचा. आणि यात आपला फायदा असा की पाल आवृत्ती अमेरिकेच्या आवृत्तीपेक्षा चांगली आहे, एकदा पूर्ण करून परत खेळलात तर तिच्या बोलण्याचा अर्थ खाली लिहून येते आणि दुसरा माणूस तिला चालवू शकते. २००२ ची पहिली पाल छपाई पुठ्ठ्याच्या वेष्टनात होती, आत चित्रांची कार्डं, ती महाग जाते. २००६ ची साधी डब्यातली घ्या, खेळ तोच.

मिस्टर मॉस्किटो. तुम्ही डास आहात. जपानी कुटुंबाच्या घरात उन्हाळ्याचे दिवस काढायचे आणि रक्त साठवायचं, माणूस सावध झाला की टाळी मारते आणि तुम्ही मेलात. आमच्या गावात पावसाळ्यात संध्याकाळी दार उघडं राहिलं तर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हा गेम घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही समजावून सांगावा लागत नाही. आजी शेजारी बसून "आता नको चाऊ, जागी आहे ते" म्हणून सांगायची.

डॉग्ज लाइफ, २००३, फ्रंटियरचा. जेक नावाचा कुत्रा, जमीन उकरायची, भुंकायचं, वास घेत फिरायचं, आणि वास रंगांमधे दिसतात. डेझी नावाच्या कुत्रीला पकडून नेलेलं असते, तिला सोडवायचं. लहान पोरांसाठी याच्यासारखा नाही, आणि इंग्रजी न समजणारं पोरगंही अर्धा गेम खेळते.

एसओएस द फायनल एस्केप, आयरेम कंपनीचा. समुद्रात माणसांनी बांधलेलं बेट, तिथं भूकंप झाला, पूल पडतात, इमारती कलतात, आणि सोबत तुम्हाला तहान लागत राहते, पाणी शोधत शोधत पुढं जायचं. ज्यानं एप्रिल-मे मधे टँकरची वाट पाहिली आहे त्याला यात पाण्याचा नळ दिसल्यावर जे वाटते ते दुसऱ्याला वाटणार नाही. अमेरिकेत याचं नाव डिझास्टर रिपोर्ट, नाव बदललं म्हणून शोधताना लोक गोंधळतात.

द मार्क ऑफ क्री, २००२. कंट्रोलरच्या उजव्या काडीनं समोरच्या माणसांवर खूण करायची, प्रत्येकाला एक बटण भेटते, मंग त्या बटणानं त्यालाच मारायचं. सोबत एक पक्षी असते, तो उडून पुढचं पाहून येते. कंट्रोलरची उजवी काडी खराब असेल तर हा घेऊ नका.

ओकामी. २००६ चा, क्लोव्हर स्टुडिओचा, नावाजला लय गेला पण विकला नाही आणि स्टुडिओ २००७ मधे बंद पडला. पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवता, आपल्या हातात ब्रश, वाळलेल्या झाडावर गोल काढला की ते फुलते. उजाड माळ एका झटक्यात हिरवा होतो ते पाहिल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवून बसले होते. पण हे सांगायलाच पाहिजे, हा पुढं नव्या मशीनवरही आला, त्यामुळं फक्त खेळायचा असेल तर पीएसटूच्या डिस्कसाठी जास्त पैसे मोजू नका. मला सातशेत भेटला, हजाराच्या वर मी दिला नसता.

दोघा-तिघांसाठी काही हवं तर डाउनहिल डॉमिनेशन, डोंगरावरून सायकल, शेजारच्याला लाथ मारायची मुभा. बस, जास्त सांगत नाही, लावला की पोट्टे उठत नाहीत.

काय घेऊ नका तेही सांगते. रुल ऑफ रोज, कुऑन, हॉन्टिंग ग्राउंड, ग्रेगरी हॉरर शो, या नावांच्या मागं नवीन माणसानं लागू नये. खरे दुर्मिळ आहेत, म्हणूनच यांच्या छापील नकली प्रती फिरतात. आणि सिंगस्टार बॉलिवूड माइक असल्याशिवाय, बझ हा गेम त्याचे बझर असल्याशिवाय, आयटॉय कॅमेऱ्याशिवाय घेऊ नका, नुसती डिस्क काही कामाची नाही.

५. शोधायचे कुठं

एक, बंद पडलेली पार्लरं. तालुक्याला चहाच्या टपरीवर विचारा की इथं गेमचं दुकान कोण चालवत होता, दहा मिनिटांत पत्ता लागते. तो माणूस आता मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स नाहीतर कृषी केंद्र चालवत असते आणि सामान माळ्यावर असते. दुसरं, जुने सीडी-डीव्हीडी भाड्यानं देणारे. तिसरं, टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाले, त्यांच्याकडं मशीन बनवायला आलेली असते आणि कोणी न्यायला आलेलं नसते, आत डिस्क तशीच. चौथा, भंगारवाला, त्याला एकदा डबा दाखवून ठेवा की असा डबा आला तर बाजूला ठेव भाऊ, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन. आमच्या भंगारवाल्या भाऊंनी मला आजवर नऊ डिस्का दिल्या, त्यातला एक इको होता.

नागपूरला जाणं झालं तर सीताबर्डीला फिरा, पण तिथल्या दुकानदाराला भाव माहीत असते. माझा अनुभव, तालुक्यात स्वस्त आणि ओरिजिनल कमी, शहरात महाग आणि निवड जास्त. कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत, लोक नवीन टीव्ही-मोबाईल घेतात आणि जुनं काढतात, तेव्हा फिरा.

कोणाच्या घरी गेलात तर आधी पाणी प्या, बसा, गप्पा करा. एकदम "किती घेता" म्हटलं की समोरच्याला वाटते याची लय किंमत असणार, आणि मंग तो मोबाईलवर परदेशातला भाव पाहून सांगते.

६. ऑनलाइन घेताना

ओएलएक्स आणि फेसबुकवरही भेटतात. तिथले दोन सापळे.

पहिला, "मी आर्मीत आहे, बदली झाली, सामान कँटीनच्या गाडीतून पाठवतो, आधी अर्धे पैसे टाका." ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. टाकू नका.

दुसरा, तुम्ही काही विकत असाल तर समोरचा क्यूआर पाठवते आणि म्हणते हा स्कॅन करा, पैसे येतील. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, कधी येत नाहीत. माझ्या ओळखीच्या पोराचे सोयाबीनच्या चुकाऱ्यातले अकरा हजार असे गेले. झालंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्या करू म्हणू नका, आणि बँकेत जा.

पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉल करा, डिस्क दोन्ही बाजूंनी दाखवायला सांगा, कडं जवळून दाखवायला सांगा, आणि आजची तारीख कागदावर लिहून डिस्कजवळ धरायला सांगा. खरा माणूस दोन मिनिटांत करते.

पार्सल पोस्टानं मागवा. कुरिअर बऱ्याचदा तालुक्यापर्यंतच येते आणि "घेऊन जा" म्हणून फोन येते, पोस्टमन भाऊ मात्र गावात येतातच. विकणाऱ्याला सांगा की डिस्क डब्याच्या मधल्या खुंटीवरून काढून वेगळ्या कागदी पाकिटात घाला, कारण रस्त्यात आपटलं की खुंटीजवळच तडा जाते. उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, पार्सल फोडण्याच्या आधीपासून.

७. घरी आणल्यावर

लगेच लावू नका. उन्हातून आणलेली डिस्क तासभर सावलीत राहू द्या. मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही.

मशीन नवीन घेतली असेल तर निळी आणि चांदीची दोन्ही लावून पाहा. डोळा, म्हणजे आतली लेन्स, दोन्ही वाचते का ते वेगवेगळं तपासावं लागते, माझी पहिली मशीन डीव्हीडी छान चालवायची आणि निळी डिस्क दिसली की लाल पडदा, आणि मी बिचाऱ्या डिस्कला दोष देत बसले होते. डोळा पुसायचा तर कापसाची काडी अल्कोहोलमधे हलकी ओली करून, दाब न देता. चालू केल्यावर निदान अर्धा तास खेळा, गोष्ट पुढं सरकली की डिस्कचा पुढचा भाग वाचला जाते, सुरुवातीचा पडदा दिसला म्हणजे सगळी डिस्क चांगली असं नाही.

८. लाइट, ऊन आणि कापूस

आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि सेव्ह होत असताना गेली तर ते सेव्ह तर जातेच, कधी पूर्ण कार्ड बिघडते. कॉम्प्युटरचा जुना छोटा यूपीएस घ्या, पीएसटू लय कमी करंट घेते, स्लिम तर पन्नास वॅटच्या आतच, सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ भेटते. रात्री शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, टीव्ही आकसल्यासारखा दिसला की थांबा.

मे महिन्यात दुपारी खेळू नका. पारा पंचेचाळीसला असतो, टिनाच्या खालच्या खोलीत त्याहून जास्त, मशीनचा पंखा गरम हवाच आत ओढते. रात्री जेवणानंतर किंवा पहाटे. डिस्का टिनाजवळच्या फळीवर ठेवू नका, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा.

पावसाळ्यात बुकलेटला बुरशी धरते, नवीन चप्पल-बुटांच्या डब्यातली सिलिकाची पुडी प्रत्येक खोक्यात टाका, महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून ठेवा. केबल उंदीर खातात, लटकवून ठेवा.

आणि हे कुठल्याच परदेशी माणसानं लिहिलेलं नाही म्हणून मी लिहिते: घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीत मशीन ठेवू नका. बारीक तंतू हवेत उडतात आणि पंख्यात जाऊन नमद्यासारखे बसतात. मी एका मोसमानंतर मशीन उघडली तर आत मूठभर कापूस निघाला, मशीन आपोआप बंद पडत होती ते त्याच्यामुळं. आता वेचणी सुरू झाली की मशीन देवघराच्या खोलीत जाते आणि गाड्या भरून गेल्या की परत येते.

९. कागद आणि वही

दुकानातून घेतली तर बिल घ्या. अनोळखी माणसाकडून मशीन घेतली तर साध्या कागदावर नाव, तारीख, मशीनचा क्रमांक आणि सही घ्या, उद्या कोणी चोरीची म्हणाला तर हाताशी काहीतरी असते. चांगला माणूस याचा राग मानत नाही.

एक शंभर पानी वही करा. गेमचं नाव, क्रमांक, कुठून घेतला, किती दिले, डबा आहे का, बुकलेट आहे का, आणि शेवटी एक रकाना, पूर्ण खेळला का. मी मोबाईलमधे लिहायची, मोबाईल विहिरीत पडला, तेव्हापासून वही.

पहिल्या खरेदीत तीनच घ्या, एक आपल्याकडचा, एक एकट्यानं खेळायचा आणि एक दोघांचा. ते संपले की पुढचे.

माझ्या वहीत डॉन टू समोर डबा आहे, डिस्क आहे, बुकलेटच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. कोणाच्या माळ्यावर नुसता कागद जरी पडला असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा, पोस्टाचा खर्च मी करीन.